आत्याला काही होत नाही

आमच्या आत्याएवढा प्रवास बीड जिल्ह्यात फक्त एस.टी.च्या चाकांनी केला असेल. आणि चाकं तरी अधूनमधून पंक्चर होतात, आत्या कधी झाली नाही. तिचं घर तेलगावला, पण ते मतदार यादीपुरतं. एरवी ती परळीला भाच्याकडे असायची, नाहीतर माजलगावला चुलतबहिणीकडे, लातूरला नणंदेच्या मुलीकडे, पुण्याला माझ्या धाकट्या भावाकडे, आणि या सगळ्यांतून सवड मिळाली की बीडला आमच्याकडे. तेलगावच्या चौकात उभं राहिलं की चारी दिशांच्या गाड्या मिळतात. आत्या तिथं पिशवी घेऊन उभी राहिली की बघणाऱ्याला वाटायचं, जी गाडी आधी येईल तिच्यात ही बसेल, आणि ती गाडी जिथं जाईल तिथं हिचं कुणीतरी नक्की निघेल. ते फारसं चुकीचंही नव्हतं.

या भटकंतीचं कारण साधं होतं. आत्याला मूलबाळ नाही, तिचे यजमान ती ऐन तरुण असतानाच गेले, आणि माणसाची सेवा करण्यात तिचा हात धरणारं आमच्या सगळ्या गोतावळ्यात कुणी नव्हतं. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाचा मोतीबिंदू, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणी नवरा-बायको दोघं नोकरीवाले आणि पोराला गोवर निघालेला. काहीही असो, पहिला फोन आत्याला जायचा, दुसरा डॉक्टरला. आत्या ‘येते’ म्हणायची आणि फोन ठेवेपर्यंत तिची पिशवी भरलेली असायची. आता सत्तरीला टेकलेल्या बाईनं महिन्यातले निम्मे दिवस गाडीत आणि उरलेले परक्या गादीवर काढायचे, गावोगावचं पाणी प्यायचं आणि वर आजाऱ्यांच्या उशाशी बसायचं, म्हणजे तिनं स्वतः वरचेवर अंथरूण धरायला हवं होतं. पण हिला कधी कुणी शिंकताना पाहिलं नाही. लोक विचारायचे, आत्या, हे जमतं कसं? आत्याकडे उत्तर तयार असायचं आणि ते एका बैठकीत संपायचं नाही.

सगळ्यात पहिलं म्हणजे पाणी. आत्याच्या मते माणसाला जे काही होतं ते पाणी बदलल्यानं होतं. म्हणून तिच्यासोबत कायम एक प्लॅस्टिकचा कॅन असायचा. तो मुळात गोड्या तेलाचा. धुऊन धुऊन दुधासारखा पांढरा पडलेला. त्यात तिच्या गल्लीतल्या हातपंपाचं पाणी. नुसतं नेऊन ती थांबायची नाही. ज्याच्या घरी उतरायचं त्याच्या पाण्यात ती आपलं पाणी मिसळायची. पहिल्या दिवशी निम्मंनिम्मं, दुसऱ्या दिवशी आपलं थोडं कमी, असं करत करत तिचं पाणी संपायचं आणि त्या घरचं पाणी अंगी लागायचं. “पोटाला वळख करून द्यावी लागती बाबा,” ती म्हणायची. “एकदम नवं पानी गेलं की पोट बुजतंय.” पुण्याला माझ्या भावानं पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं होतं. त्यानं मोठ्या अभिमानानं आत्याला ते दाखवलं. आत्यानं विचारलं, “हे काय काय काढून घेतंय पान्यातून?” भावानं क्षार, जंतू, गाळ अशी यादी सांगितली. “मंग राहतं काय?” भाऊ म्हणाला, “पाणी.” आत्यानं पेल्यातला एक घोट तोंडात घेऊन बराच वेळ घोळवला आणि निकाल दिला, “हे निसतं वल्लं हाय. पानी न्हाई.”

दुसरं म्हणजे जीभ. कुणाच्याही घरी पोचल्यावर, चहाच्याही आधी, ती आरशासमोर उभी राहून स्वतःची जीभ बघायची. रस्त्याची सगळी खबर जिभेवर येते, असं तिचं म्हणणं. तिथं काही संशयास्पद दिसलं तर त्या दिवशी जेवण बंद, फक्त ताक आणि ओवा. स्वतःची बघून झाली की मग ती घरातल्या सगळ्यांच्या जिभा बघायची. माझं लग्न होऊन संगीता आमच्या घरात आली तेव्हा बाकीच्या बायकांनी सुनेचं तोंड पाहिलं. आत्यानं जीभ पाहिली. “उष्ण हाय पोरगी,” ती सगळ्यांदेखत म्हणाली, “पन काळजी न्हाई, ताकानं उतरंल.” संगीता त्यानंतर कितीतरी दिवस आत्यासमोर बोलताना तोंडावर हात धरायची.

बसमध्ये आत्याची जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या मागची. चाकावरच्या बाकड्यावर बसलं की मणके खिळखिळे होतात आणि मागच्या बाकड्यावर आतडी, हे तर झालंच. पण ड्रायव्हरला डुलकी लागली तर ती लगेच कळली पाहिजे, हा मुख्य मुद्दा. त्यामुळे ड्रायव्हरची झोप, त्याचं जेवण, त्याच्या बायकोचं माहेर या सगळ्यांची चौकशी बीड ते परळी चालू असायची. कानात कापूस, त्यावर पदर, पदरावर लोकरी पट्टी, कारण वारं माणसात शिरतं ते कानातून. एकदा भावानं हौसेनं तिला पुण्याहून थंड हवेच्या गाडीत बसवून दिलं. आत्यानं गाडी सुटल्या सुटल्या क्लीनरला बोलावून सांगितलं, “बाबा, हिवाळा बंद कर.” तो म्हणाला, मावशी, लोकांनी गारव्यासाठीच तिकीट काढलंय. आत्यानं मग आपली वाकळ काढली, डोक्यावरून घेतली आणि नगर येईपर्यंत आतून खोकून दाखवलं. नगरला हिवाळा बंद झाला.

आणि फेरा! प्रत्येक स्टँडवर गाडी थांबली की आत्या खाली उतरून गाडीभोवती एक पूर्ण फेरा मारायची. बसून बसून पायांत रक्त साकळतं, ते हलवलं पाहिजे, म्हणून. गाडी आपल्याला सोडून जाऊ नये याची तजवीज तिनं फार साधी केली होती. उतरताना ती आपली पिशवी कंडक्टरच्या मांडीवर ठेवायची. ज्याच्या मांडीवर लसणाच्या चटणीचा वास मारणारी भरगच्च पिशवी आहे तो कंडक्टर घंटी वाजवू शकत नाही, हा तिचा अनुभव. एकदा माजलगावच्या स्टँडवर एका नवख्या कंडक्टरनं पिशवी शेजारच्या बाकड्यावर ढकलली आणि घंटी मारली. गाडी गावाबाहेर गेल्यावर पिशवीतला फोन वाजायला लागला. मावशी मागंच राहिली म्हणून प्रवाशांनी आरडाओरडा केला, गाडी थांबली, आणि तेवढ्यात मागून एका रिक्षातून आत्या येऊन पोचली. सगळ्यांना वाटलं, आता ही कंडक्टरचा उद्धार करणार. आत्यानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “तोंड कावून वाळलंय रे तुझं? जेवला न्हाईस?” त्यानं नकारार्थी मान हलवली. “उपाशी मानसाला घाई होतीच,” ती म्हणाली, आणि पिशवीतून दुधात भिजवलेल्या पिठाची एक दशमी आणि चटणी काढून त्याच्या हातावर ठेवली. पुढं त्या मार्गावरचे सगळे कंडक्टर आत्याचा फेरा होईपर्यंत आपणहून थांबायला लागले. “मावशी, झाला का?” एवढंच विचारायचे.

पण आत्याचं खरं नाव झालं ते दुसऱ्याच एका गोष्टीनं. बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, हे तिला सहन व्हायचं नाही. गाडीत बसल्यावर ती शेजारणीला, मागच्या बाकड्यावरच्या बाईला, लेकराला पाजणाऱ्या आईला आपल्या पेल्यातून पाणी द्यायची, आणि त्या ‘नको’ म्हणाल्या की तिला कारण विचारावं लागायचं नाही. स्टँडवरच्या मोऱ्यांची अवस्था तिलाही ठाऊक होती. एकदा भर उन्हाळ्यात वडवणीच्या अलीकडे तिनं धावत्या गाडीत उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं, “ड्रायव्हर भाऊ, गाडी थांबव. बायामानसं हायत.” ड्रायव्हर म्हणाला, मावशी, वडवणी आलीच. “वडवनीला काय हाय ते तुलाबी माहीत हाय आन् मलाबी. हितं तुरीचं रान हाय. थांबव.” तुरी तर केव्हाच काढून झाल्या होत्या, पण तुराट्यांचे उंच ढीग बांधाला रचलेले होते आणि आडोसा चांगला होता. गाडी थांबली. आत्या उतरली. क्षणभर कुणीच हललं नाही. मग एक म्हातारी उठली, मग एक कॉलेजची मुलगी, मग ऊसतोडीहून परत आलेल्या दोघीतिघी, आणि बघता बघता गाडीतल्या सगळ्या बायका उतरल्या. पुरुष मंडळी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून मन लावून डोंगर बघत बसली. सगळ्याजणी परत येऊन बसल्यावर आत्यानं कॅन काढला आणि म्हणाली, “आता प्या.” त्या दिवशी तिचं तेलगावचं पाणी वडवणीच्या आतच संपलं.

अशी ही आत्या. तिच्याबद्दल आमच्या घराण्यात एक वाक्य ठरून गेलं होतं, आत्याला काही होत नाही. कुणी म्हणालं की एवढ्या उन्हात तिला कशाला बोलावता, की दुसरा म्हणायचा, आत्याला काही होत नाही. ती स्वतःही तसंच म्हणायची, आणि म्हणताना पदर खोचायची.

गेल्या हिवाळ्यात संगीताच्या पोटाचं ऑपरेशन झालं. दिवाळीचा फराळ डब्यात असतानाच आत्या येऊन दाखल झाली. तिनं आल्या आल्या आपली जीभ बघितली, संगीताची बघितली, माझी बघून मान हलवली आणि घर ताब्यात घेतलं. संगीताला कुशीवर कसं वळायचं, उठताना हात कुठं टेकायचा, खोकला आला तर टाक्यांवर उशी कशी धरायची, हे सगळं तिनं असं शिकवलं की दवाखान्यातल्या नर्सनं माझ्याजवळ विचारपूस केली, या बाई कुठं नोकरीला होत्या म्हणून. मी सांगितलं, एस.टी.त.

संगीता हिंडूफिरू लागायच्या बेतात होती आणि एके दिवशी दुपारी आत्या एकदम म्हणाली, “मी चालले. घरी काम हाय.”

“कसलं काम?” मी विचारलं.

“घराला काम असतंयच की.”

ती एकदा निघाली की तिला अडवायची सोय नव्हती. मी तिला स्कूटरवर स्टँडवर सोडलं. तेलगाववरून जाणारी परळीची गाडी लागलेलीच होती. ती चढली आणि रिकामं दिसलं त्या बाकड्यावर बसली. मी हात केला, तिनं हात केला, गाडी गेली. मी घरी आलो तर संगीता हातात थर्मामीटर घेऊन बसलेली.

“निघताना आत्याबाईंनी माझ्या कपाळाला हात लावला,” ती म्हणाली. “चटका बसला हो. मला वाटलं मलाच ताप भरला. म्हणून हे लावून बघितलं. मला तर काहीच नाही.”

मी लगेच आत्याला फोन लावला. घंटी वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला, तेच. शेजारच्या वहिनींना संगीताजवळ बसवलं आणि पुढची गाडी पकडून मी तेलगावला गेलो. बाहेर दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, कापसाची शेवटची वेचणी चालली होती, आणि मी मात्र त्या वाटेवर पहिल्यांदाच बसल्या जागी पाय हलवत होतो.

उन्हं कलताना आत्याच्या गल्लीत पोचलो. दिवाळीनंतर तिची गल्ली ओस पडते. निम्मी घरं ऊसतोडीला कारखान्यांवर जातात. कुलपं, बांधून ठेवलेल्या खाटा आणि एखादं विसरलेलं कुत्रं. आत्याच्या दोन खोल्यांचं दार आतून बंद होतं. मी कडी वाजवणार तेवढ्यात शेजारच्या शमीमभाभी शिवणाचं मशीन थांबवून दारात आल्या.

“आल्यात, दुपारीच आल्यात,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आता दोन दिवस दार उघडायचं न्हाई.”

“बरं नाही का तिला?”

“बरं असतं तर आल्या असत्या का?”

मला काही उमजेना. ते बघून शमीमभाभी पायरी उतरून जवळ आल्या. “बऱ्या असल्या की त्या तुमच्याकडं असतात भाई. आजारी पडल्या की इकडं येतात. हर बार का है ये. मी दारात पेज ठेवते, पानी ठेवते. त्या मागून आत घेतात. बरं वाटलं की उठतात, आंघोळ करतात, वाकळ धुतात आन् चालल्या चौकाकडं. कुनाला सांगू नको म्हनतात. मी सांगितलं बी न्हाई. पन तुमी तर आलाच.”

मी तिथंच पायरीवर बसलो. गोतावळ्यातल्या इतक्या घरांत इतकी माणसं, आणि आत्याला ताप येतो ही गोष्ट फक्त या एका बाईला ठाऊक होती. थोड्या वेळानं मी दारावर थाप मारली.

“कोन हाय?”

“मी दिलीप.”

आत खाट कुरकुरली. “कावून आलास? सूनबाई एकटी हाय ना घरी?”

“दार उघड आत्या.”

“मला काय झालं न्हाई.”

“मग उघड.”

“कामात हाय मी.”

“मग मीही लागतो कामाला. उघड.”

शेवटी कडी निघाली. आत्या वाकळ पांघरून उभी होती. डोळे लाल, ओठ सुकलेले, आणि तिचं ते नेहमीचं पदर खोचलेलं रूप कुठंतरी गेलेलं. मी हात धरून तिला खाटेवर बसवलं. हात खरोखरच भाजत होता. शमीमभाभींनी चहा आणून दिला आणि दोघांना एकटं सोडून त्या गेल्या.

“आमच्या घरी का नाही थांबलीस?” मी विचारलं.

“तुमच्या घरी मी सूनबाईचं कराया आलते. मीच आडवी झाले तर तुमी काय करावं?”

“जे तू आमचं करतेस ते.”

भिंतीकडे बघत, कुणा दुसऱ्याच बाईची गोष्ट सांगावी तसं तिनं सांगितलं. “हे गेले त्याच्या पुढच्या साली मला मोठा ताप आलता. जावंच्या घरी होते. कापूस फुटलेला, घरातलं झाडून सगळं मानूस येचायला, आन् मी खाटंवर. जाऊबाई वाईट न्हवती रे. रोज येचून आली की मपलं दुखनं काढायची. एक दिस उंबऱ्यात बसली आन् रडाया लागली. मला काय बोलली न्हाई. भिंतीलाच म्हनली, आता हिचं कोन करावं?” आत्यानं चहाचा घोट घेतला. “तवाच मी मनाशी धरलं. पानी जपलं, वारं जपलं, खानं जपलं. लई जपलं. तरीबी कवाकवा येतंयच. अंग हाय. आलं की मपल्या घरी यायचं.”

“आम्ही काय परके आहोत का?”

“परके न्हाईत म्हनूनच की,” ती म्हणाली. “परक्याच्या दारात पडायला काय वाटत न्हाई.”

मी उठून चौकातल्या डॉक्टरांना घेऊन आलो. भला माणूस होता. त्यांनी तपासलं, छातीत थोडा कफ आहे म्हणाले, गोळ्या दिल्या आणि अंगातलं पाणी कमी झालंय म्हणून सलाईन लावायला काढलं. आत्यानं बाटलीकडे बघितलं.

“हे पानी कुठलं?”

“कंपनीचं, आजी.”

“कोन्या गावची कंपनी?”

डॉक्टरांनी चष्मा वर करून बाटलीवरचं बारीक अक्षर खरोखरच वाचलं आणि एका लांबच्या राज्यातल्या गावाचं नाव सांगितलं. “बघ,” आत्या मला म्हणाली, “एवढं लांबचं पानी, आन् तेबी वळख न करून देता सरळ रगतात.” पण हात तिनं पुढं केला. डॉक्टर म्हणाले, थेंब थेंब सोडतो आजी, ओळख होत राहील. हे तिला पटलं.

सलाईन चालू असतानाच संगीताचा फोन आला. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, फोन आत्याबाईंना द्या. मी फोन आत्याच्या कानाशी धरला. आवाज मलाही ऐकू येत होता.

“आत्याबाई, मला तुमचा राग आलाय.”

आत्यानं सलाईनच्या बाटलीकडे बघितलं.

“मी इथं एकटी पडलेय. दिवसभर नुसतं छत बघायचं. तुम्हालाही पडायचंच आहे ना? मग तिथं एकट्या कशाला पडता? इथं या, माझ्या शेजारी पडा. खाट मोकळी आहे.”

आत्याला ‘या’ म्हणून आजवर हजारदा फोन आला असेल. स्वयंपाकाला या, बाळंतपणाला या, पोरं सांभाळायला या. पडायला या, असं तिला पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि जरा सावरून विचारलं, “आन् सैपाक कोन करील?”

“हे करतील.”

“दिलीप?” आत्यानं तोंडावरचा पदर काढून माझ्याकडे पाहिलं. “मंग मी दोन दिसात उठूनच बसते बघ, भीतीनं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी एक जीप ठरवून मी तिला बीडला आणलं. कान बांधून, वाकळीत गुंडाळून, ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर. एका खोलीत दोन खाटा मांडल्या, एकीवर टाके घातलेली सून आणि दुसरीवर तापलेली आत्या. मी कचेरीतून रजा काढली आणि खिचडी या एकाच पदार्थावर संसार चालवला. दोघी ती निमूटपणे खायच्या आणि मी पाठ वळवली की हलक्या आवाजात तिच्यात काय काय कमी आहे याची चर्चा करायच्या. आत्या मात्र सुरुवातीला काही मागायचीच नाही. तहान लागली की ती तांब्याकडे बघायची, मग आमच्याकडे बघायची, आणि आमचं लक्ष गेलं की डोळे मिटून घ्यायची. आपण मागितल्यावर समोरच्याच्या तोंडावर काय उमटतं, ते बघायची तिची तयारी नसावी. मग एका दुपारी, मी पेपर वाचत असताना, अगदी बारीक आवाज आला, “दिलीप, जरा पानी देतोस का रे?”

मी उठलो. “कुठलं देऊ?”

“हाय ते दे.”

ती प्याली, भांडं मला परत दिलं आणि जणू मी तिचं एखादं मोठं कर्ज फेडलंय तशी माझ्या सात पिढ्यांना आशीर्वाद देत सुटली. शेवटी संगीताच पलीकडून म्हणाली, “आत्याबाई, पाणीच दिलंय हो त्यांनी.”

बरी झाल्यावर आत्या पुन्हा हिंडू लागली. तिनं मला शपथ घातली होती की हे गोतावळ्यात कुणाला सांगायचं नाही, आणि मी ती पाळली आहे. इथं सांगतोय कारण आमच्यातलं कुणी काही वाचत नाही. पण तिचा वेग आता कमी झाला आहे. गाडीच्या पायऱ्या चढताना ती दांडा दोन्ही हातांनी धरते. फोन आले की ‘बघते’ म्हणते. पूर्वी ‘येते’ म्हणायची. गाडीभोवतीचा फेरा अजून मारते, पण कंडक्टर लोकांना आता जास्त वेळ थांबावं लागतं.

मागच्या महिन्यात लातूरहून तिचा फोन आला. तिकडच्या सगळ्यांची खुशाली सांगून झाली, मग ती जरा घुटमळली.

“दिलीप, नाक गळायलंय रे. घसाबी धरलाय. मी काय म्हनते, जाताना बीडवरून जाऊ का?”

लातूरहून तेलगावला जायला बीड कुठल्याच वाटेनं मध्ये येत नाही. “बीडवरून पुढं कुठं?” मी विचारलं.

“पुढं कुठं न्हाई,” ती म्हणाली. “बीडलाच.”

मी तिला घ्यायला स्टँडवर गेलो. सर्दी होती, साधी सर्दी. पण आत्यानं ती आमच्याकडे अशी थाटात काढली की संगीता हसून हसून बेजार. सुंठीचा काढा मागितला, तो तिखट झाला म्हणून गूळ मागितला, पाय चेपून मागितले, रेडिओ लावायला सांगितला, आवाज मोठा झाला म्हणून कमी करायला लावला. जन्मभराचं राहिलेलं मागणं ती एका सर्दीत उरकून घेत होती. संगीताला हाका, मला हाका, शेजारच्या वहिनींनाही दोनदा.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी घरी जेवायला आलो तर हाका बंद होत्या. आत्या झोपली होती. खिडकीतून पायावर ऊन आलं होतं. ती एवढीशी बाई आहे, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. गाडीच्या गाडी थांबवणारा तो आवाज एवढ्याशा अंगात मावायचा कसा, कोण जाणे. मी पडदा ओढायला गेलो, त्या आवाजानं ती जागी झाली. आपण कुठं आहोत ते तिला चटकन कळलं नसावं. ती घाईघाईनं कोपरावर उठली.

“गाडी गेली का रे?”

“कुठली गाडी, आत्या?”

ती आठवायला लागली. परळीची, लातूरची, पुण्याची, सगळ्या तिच्या डोळ्यांसमोरून जात असाव्यात. एकही थांबली नाही बहुतेक.

“कुठलीबी,” ती म्हणाली.

“गेली,” मी म्हणालो.

“जाऊ दे मंग,” असं म्हणून तिनं वाकळ गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा झोपून गेली.